बाईंची फ्रेंच

सत्तर हा आकडा मी आधी पायाने शिकले आणि नंतर तोंडाने.

तीन वर्षांची असताना पोलिओने माझा उजवा पाय गेला. आमचं गाव हदगाव तालुक्यात. घरी कापूस आणि सोयाबीन, आणि पायाला तेल लावणाऱ्या नाना प्रकारच्या बायका. मी दहा वर्षांची झाले तेव्हा कुणीतरी आईला सांगितलं, की लातूरच्या बाहेर एक केंद्र निघालंय, तिथे एक परदेशी बाई पोरांचे पाय चालते करते. आईने दोन पिशव्या भरल्या, मला कडेवर घेतलं आणि एसटीत बसली. दहा वर्षांची मुलगी कडेवर, म्हणून कंडक्टर हसला होता. वडील शेतीसाठी गावीच राहिले. आई त्या केंद्राच्या स्वयंपाकघरात कामाला लागली आणि आम्ही दोघी तिथेच राहू लागलो.

ती परदेशी बाई बेल्जियमची होती. भूकंपानंतर मदत करणाऱ्या एका तुकडीबरोबर काही आठवड्यांसाठी आली आणि तुकडी परत गेली तरी राहिली. उंच, हाडकुळी, पांढरा सुती कुडता आणि पुरुषी घड्याळ. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि आजही माझ्या मनात त्यांना दुसरं नाव नाही.

सकाळी मला सतरंजीवर निजवून बाई माझ्या घोट्याला वाळूची पिशवी बांधायच्या. पाय वर, पाय खाली, असं नव्वद वेळा. मोजायच्या त्या. सुरुवातीला मराठीत मोजून पाहिलं, पण एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये त्यांचा हमखास घोळ व्हायचा. "एकोणसत्तर साठात की सत्तरात?" असं विचारून त्या थांबत आणि तेवढ्यात मी पाय खाली टाकून मोकळी होत असे. शेवटी त्यांनी मराठी आकड्यांचा नाद सोडला आणि आपल्या भाषेत मोजायला लागल्या. साठानंतर माझ्या मांडीत कळ यायला लागे. बाईंचा आवाज चढत जाई आणि मग येई तो शब्द, "सेप्तांत!" सेप्तांत म्हणजे सत्तर. सत्तरला दम घ्यायचा, दोन घोट पाणी प्यायचं. मग पुन्हा, आणि "नोनांत!" म्हणजे नव्वदला सुट्टी. बाई माझ्या गुडघ्यावर थाप मारायच्या.

स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत आई हे ऐकायची. एक दिवस तिने विचारलं, "बाई, सत्तर कळलं, नव्वद कळलं. ऐंशीला काय म्हनता?"

"कात्र वँ," बाई म्हणाल्या. मग बोटांवर दाखवलं. "चार... वीस. चार वेळा वीस."

"मंग चार विसा म्हना की!" आईला इतका आनंद झाला, की तिने सुपातले तांदूळ सांडले. "आमी बाजारात तसंच मोजतो. तीन विसा, चार विसा. सोपं हाय तुमचं."

बाई मराठी शिकल्या त्या आईकडून आणि वऱ्हांड्यात बसलेल्या पेशंटांकडून. त्यामुळे त्या अस्सल आमच्यासारखं बोलायच्या. नांदेडकडच्या पेशंटांना आणायला केंद्राची जीप जायची, ती कायम उशिरा यायची. वाट बघून कंटाळलेले लोक विचारत, "बाई, जीप आली का?" बाई मान वर न करता म्हणत, "येऊन राहिली, येऊन राहिली." पोरं त्यांची नक्कल करत. आणि संध्याकाळी घरी जाताना त्या सगळ्यांना हात करून म्हणत, "आ तांतो." त्यांच्या गावाकडे त्याचा अर्थ 'भेटू जरा वेळाने, आजच' असा. बायकांना ते 'आता तो' असं ऐकू येई. "आता तो? कोन तो बाई? कवाचं इचारतो, नावच घेत न्हाई तुमी!" असं म्हणून वऱ्हांडा हसायचा. बाईंना तो विनोद कळला होता, तरी त्या रोज तेच म्हणायच्या.

मी चालायला लागले, पायाला कॅलिपर घालून शाळेत जायला लागले, आणि दुपारी बाईंकडे फ्रेंच शिकायला लागले. पुस्तक एकच होतं, तेही त्यांच्या लहानपणचं. एकदा मी त्यांना विचारलं, की तुमच्या गावात सगळे पुस्तकासारखंच बोलतात का. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या घरी गावची बोली होती. त्यांची आजी तर दुसरं काही बोलतच नसे. शाळेत ती बोली तोंडातून निघाली, की मास्तरीण कोपऱ्यात उभं करायची. "मी कोपरा लई बघितला," बाई म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात भिंतीला एक चीर होती. अजून दिसते मला." मग म्हणाल्या, "आता ती बोली मला येत नाही. फक्त शिव्या येतात." आणि हसल्या. ही गोष्ट मला माहीत होती. पुढे मी जे केलं ते ही गोष्ट माहीत असताना केलं.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. लातूरच्या कॉलेजातून बीए झाले. फ्रेंचमध्ये एमए करायला पुण्याला जायचं, हे स्वप्न बाईंचं होतं. मला तर असं शिक्षण असतं हेच ठाऊक नव्हतं. फॉर्म त्यांनी भरला, शिफारसपत्र त्यांनी लिहिलं, प्रवेश परीक्षेच्या दिवशी माझ्याबरोबर पुण्यापर्यंत त्या आल्या आणि तीन तास फाटकाबाहेर कट्ट्यावर बसून राहिल्या. मी आज जी काही आहे ती त्या कट्ट्यामुळे आहे.

मी पुण्याला गेले त्याच वर्षी बाई मायदेशी परतल्या. वय झालं होतं. लातूरच्या स्टेशनवर आई, मी आणि केंद्रातले दहा-पंधरा लोक होतो. गाडी हलली तसं बाईंनी खिडकीतून हात काढला. "आ तांतो."

आई गाडीबरोबर चालत होती. "आता तो न्हाई बाई," ती ओरडली, "आता कवा, ते सांगा!"

पुण्यात पहिल्याच आठवड्यात सरांनी मला पान वाचायला सांगितलं. कोणतं पान, असं त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं. पंचाहत्तरावं होतं. मी उभी राहून म्हणाले, "सेप्तांत-सँक."

सरांनी चष्मा खाली केला. "ही फ्रेंच कुठल्या खेड्यातून आणली?"

वर्ग हसला. सर वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं, की पॅरिसमध्ये सत्तरला 'साठ-दहा' म्हणतात आणि नव्वदला 'चार विसा दहा'. सेप्तांत, नोनांत हे बेल्जियमकडचं, परीक्षेत लिहायचं नाही. मी खाली बसले. मला तेव्हा आईचा बाजार आठवायला हवा होता, की पॅरिसची माणसं आईसारखीच मोजतात. तो आठवला नाही. आठवलं ते एवढंच, की सगळे हसले.

हॉस्टेलवर तेच. जेवणाच्या वेळी खोलीतल्या मुलींनी हाक मारली, की मी म्हणायची, "येऊन राहिले." "येऊन कुठे राहिलीस?" असं विचारून त्या लोळायच्या. त्यांच्या मनात खोट नव्हती, पण मी दोन वर्षं दोन्ही भाषा घासून काढल्या. 'लई'चं 'खूप' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं, 'येऊन राहिले'चं 'येते आहे' केलं. फ्रेंचमधून बाईंचा प्रत्येक शब्द वेचून बाहेर टाकला. कोणता शब्द त्यांचा आणि कोणता पुस्तकातला, हे मला बरोबर कळायचं. त्यांचा शब्द उच्चारला, की मांडीत थोडी कळ यायची.

बाईंची पत्रं येत होती. दुसऱ्या वर्षी परीक्षेत मी पहिली आले आणि त्यांना सहा पानी उत्तर लिहिलं. मला वाटलं होतं, ती कृतज्ञता आहे. मी किती शिकले हे त्यांना दिसावं, म्हणून मी त्यांच्या आधीच्या पत्रातली काही वाक्यं काढली आणि समोर लिहिलं, की हे पॅरिसमध्ये असं म्हणत नाहीत, शुद्ध रूप असं आहे. 'आ तांतो' हा प्रयोग तर आता कुणीच करत नाही, हेही लिहिलं. पत्र टाकताना मी फार खूश होते.

उत्तर चार महिन्यांनी आलं. एक साधं कार्ड. अक्षरं वाकडीतिकडी, एक ओळ वर चढलेली, दुसरी खाली घसरलेली. मजकूर एवढाच होता: 'माझ्या पोरी, तुझं पत्र वाचलं. किती सुंदर लिहितेस.' मग एक वाक्य: 'ज न से प्ल्यू तेक्रीर.' आणि शेवटी: 'आईला सांग. आ तांतो.'

मधलं वाक्य मी व्याकरणाने वाचलं. 'से' म्हणजे माहीत असणं, अवगत असणं. म्हणजे, 'तुला कसं लिहावं हे मला आता कळत नाही.' मी त्यांच्या चुका काढल्या होत्या, आणि त्यांनी शांतपणे दार लावून घेतलं होतं. खाली पुन्हा 'आ तांतो' लिहिलं होतं, तो मला टोमणा वाटला.

सुट्टीत लातूरला गेले तेव्हा कार्ड आईला वाचून दाखवलं. आईला अक्षर ओळखता येत नाही, पण तिने कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, बोट फिरवलं.

"हे बघ की कसं पळालंय," ती म्हणाली. "बाईचं अक्षर असं नव्हतं. डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या त्या, मुंग्यांची रांग जशी. हात थकले असतील. लिहवत नसंल."

"तसं नाही लिहिलेलं, आई."

"मंग काय लिवलंय?"

"कसं लिहावं कळत नाही, असं लिहिलंय. हातांनी जमत नाही असं म्हणायचं असतं, तर दुसरं क्रियापद आलं असतं. हे ज्ञानाचं क्रियापद आहे." मी तिला पाच मिनिटं दोन क्रियापदांतला फरक सांगितला. तिने तो नीट ऐकून घेतला, जशी ती डॉक्टरांचं ऐकते.

"असंल बाई," ती म्हणाली. "तू शिकलेली."

मी परत लिहिलं नाही. आधी लाजेने, मग रागाने, मग इतके दिवस झाले होते, की काय लिहावं सुचेना. वर्षातून एक-दोनदा आई विचारायची, "बाईचं काई?" मी म्हणायचे, "त्या लिहीत नाहीत." यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच मला ते इतकी वर्षं म्हणता आलं.

आता मी लातूरलाच असते, आईबरोबर. ऑनलाइन फ्रेंच शिकवते. कॅनडाला जाऊ पाहणारी, युरोपात नोकरी लागलेली आमच्याच भागातली मुलं-मुली असतात. गेल्या वर्षी त्यातला एक, उदगीरचा, बेल्जियममध्ये कामाला लागला. त्याच्या घरी बापजाद्यांपासून धान्य तोलणारे तोलारी, घरात दखनी, बाहेर मराठी आणि बाजारात कानडी, त्यामुळे कोणत्याही भाषेची त्याला भीती नाही. तिकडे गेल्यावरही तो रविवारी सकाळी वर्गाला बसायचा, मुख्य म्हणजे गप्पा मारायला.

"मॅडम," एका रविवारी तो म्हणाला, "तुम्ही शिकवलेलं क्रियापद हितं लोकांना माहीतच नाही. पाइपवाल्याला फोन केला, उद्या या म्हणलं. तो म्हनतो, ज न से पा व्हनीर. म्हणजे मला यायचं माहीत नाही. मी म्हणलं, भाऊ, काळजी करू नको, लोकेशन पाठवतो!"

वर्गातले सगळे हसले. मीही हसले.

"मग तो आला का?" एका मुलीने विचारलं.

"कशाचा येतो! त्याला यायला जमत नव्हतं, असं म्हणत होता तो. हितं जमत नाही, होत नाही, सगळ्याला 'से'च म्हणतात. परवा घरमालकीण आली. म्हातारीचा हात प्लास्टरमध्ये. बँकेचा फॉर्म माझ्यापुढं टाकला आन् म्हनली, ज न से प्ल्यू एक्रीर. मला वाटलं, या अल्ला, एवढी मोठी बाई आणि अडाणी! आता हिला बाराखडी शिकवावी लागते का काय! ती नुसती प्लास्टर दाखवून राहिली. लिहवत नाही, असं म्हणत होती मॅडम ती. लिहवत नाही."

मी नेटवर्क गेलं म्हणून सांगितलं आणि वर्ग बंद केला.

कार्ड जुन्या पुस्तकात होतं, बाईंच्याच. मी ते उजेडाकडे धरलं. पंधरा वर्षं शिकवत होते मी ही भाषा. 'मला आता तुला लिहवत नाही. आईला सांग.' बाईंनी त्यांच्या गावच्या फ्रेंचमध्ये साधी गोष्ट कळवली होती. ज्या आईला त्या भाषेतला चार विसाशिवाय एक शब्द येत नव्हता, तिने ती हातात धरल्या धरल्या वाचली होती. आणि पहिली आलेली मी तिला क्रियापद समजावत बसले होते.

जुन्या पत्त्यावर मी पत्र पाठवलं. दीड महिन्याने बाईंच्या भाचीची मेल आली. फार नम्र मेल होती. ते कार्ड लिहिल्यानंतर तीन वर्षांनी बाई गेल्या होत्या. हातांना कंप होता, परतल्यावर वर्षभरातच सुरू झालेला. ते कार्ड लिहायला त्यांना दोन दुपारी लागल्या, मनगट भाचीने धरलं होतं. भाची म्हणाली होती, की तू सांग, मी लिहिते. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, 'नको. ती फ्रेंचची बाई झाली आहे. तुझ्या चुका तर माझ्यापेक्षा जास्त.' माझं ते सहा पानी पत्र त्यांनी पलंगाशेजारच्या भिंतीवर लावून ठेवलं होतं आणि येईल त्याला दाखवायच्या: बघा, माझ्या मुलीने माझी फ्रेंच सुधारली.

मेलच्या शेवटी भाचीने एक विचारलं होतं. शेवटच्या वर्षात मावशी फ्रेंचही फारशी बोलत नव्हती. पण दुपारी टपालाची वेळ झाली, की दाराकडे बघून एक शब्द म्हणायची, कधी दोन-तीनदा. आम्हाला तो कळला नाही. ऐकू आला तसा मी लिहून ठेवला आहे. तिच्या केंद्रातल्या कुणाचं नाव असेल, असं आम्हाला वाटलं. तुमचं पत्र आल्यावर मावशीचं जुनं सामान काढलं, त्यात तो कागद हाती आला, म्हणून विचारते. हे कुणाचं नाव आहे का?

खाली तिने फ्रेंच अक्षरांत, एकेक तुकडा पाडून लिहिलं होतं: ये-ऊन रा-हि-ली.

मला मेलचं उत्तर लिहायला तीन दिवस लागले. मग आईजवळ जाऊन बसले. ती आता थकली आहे, गुडघे धरतात, तरी ती डाळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. पाइपवाला, घरमालकीण, कंप, दोन दुपारी, भिंतीवरचं पत्र. तिने मध्ये एकदाही 'मी म्हणलं होतं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. फक्त एकदा विचारलं, "तीन वरीस?" मी हो म्हणाले. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं.

मग तिने विचारलं, "मंग त्या पोरीला काय लिवलंस? त्या शब्दाचं?"

"लिहिलं, की नाव नाही ते. वाट बघणाऱ्या माणसाला आमच्याकडे असं सांगतात."

आई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. लहानपणी पाय बघायची तसं.

"आमच्याकडं म्हंजी कुनाकडं?" ती म्हणाली. "तू तर तसं बोलतच न्हाईस."